कबुली ‘दिली’ की ‘घेतली’?

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसला असाल तर शीर्षकातल्या क्रियापदाकडे एकदा नीट बघा. माझ्या पहिल्या प्रस्तावाचं शीर्षक होतं, ‘निरपराध माणसं न केलेल्या गुन्ह्याची कबुली का देतात?’ आमच्या सरांनी ‘देतात’खाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, “हे तुला आधीच कसं कळलं?” तेव्हा मला राग आला होता.

या विषयाचं वाचन सुरू केलंत की पहिलं नाव भेटेल सॉल कॅसिन यांचं. त्यांनी आणि लॉरेन्स राइट्समन यांनी १९८५ मध्ये खोट्या कबुलीचे तीन प्रकार मांडले: स्वतःहून दिलेली, दबावाखाली सुटकेसाठी दिलेली, आणि ‘आपणच केलं असेल’ असं खरोखर वाटू लागल्याने दिलेली. १९९६ चा त्यांचा प्रयोगही तुम्हाला भेटेलच. विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की कीबोर्डवरच्या ‘ऑल्ट’ बटणाला हात लावू नका. मग संगणक बंद पडला आणि आळ त्यांच्यावर आला. बटण कोणीच दाबलं नव्हतं, तरी ६९ टक्के मुलांनी कबुलीवर सही केली.

प्रयोग सुंदर आहे, पण तो काय मोजतो ते बघा. एक ओळ, एक सही, आणि नंतर मुलगा घरी. मारहाण कुठल्याच प्रयोगशाळेत करता येत नाही, करूही नये. त्यामुळे या साहित्याचा सगळा प्रकाश कबुली देणाऱ्याच्या मनावर पडतो. कागद लिहिणारा अंधारातच राहतो.

मी सिल्व्हर पार्कला राहते. इथून रिक्षा पकडायची, मिरा रोड स्टेशन गाठायचं आणि तिथून लोकल, हा रोजचा रस्ता. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सात स्फोट झाले. त्यातला एक मिरा रोड-भाईंदर पट्ट्यात झाला. सगळे मिळून १८० हून जास्त माणसं गेली. इथल्या जुन्या रहिवाशांसमोर या खटल्यातल्या आरोपींबद्दल काही बोलायचं तर आवाज आपोआप खाली येतो, आणि ते बरोबरच आहे.

आता तारखा एकाखाली एक लिहून काढा. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याचं २५ वं कलम सांगत होतं की पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. नव्या साक्ष अधिनियमातही हा नियम २३ व्या कलमात आहे. म्हणजे इंग्रजांनासुद्धा ठाण्यातल्या कबुलीचा भरवसा नव्हता! १९९९ च्या मोक्काने त्याला अपवाद केला. कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली पुरावा ठरते. या खटल्यात अटका जुलैपासून सुरू झाल्या, मोक्का सप्टेंबरात लागला आणि कबुल्या आल्या ऑक्टोबरात. आरोपींची मनं नेमकी ऑक्टोबरातच का बदलली, याचं उत्तर कॅसिन यांच्या तीन कप्प्यांत शोधून बघा. मला सापडलं नाही.

२०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी धरलं. पाच जणांना फाशी झाली, सात जणांना जन्मठेप. तेरावे आरोपी, शिक्षक असलेले अब्दुल वाहिद शेख, सुटले. त्यांनी कबुलीवर सही केली नव्हती. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्यांनाही निर्दोष ठरवलं. न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांनी कबुल्या शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या. काही भाग एकातून दुसऱ्यात उतरवल्यासारखे सारखे निघाले. छळाच्या तक्रारी त्यांनी वैद्यकीय नोंदींशी ताडून पाहिल्या.

तुम्ही म्हणाल, “मग छळ झाला म्हणून सही केली, एवढंच ना? त्यात संशोधन काय?” थांबा. छळाने सही समजते. पण कागदावर इतका तपशील कुठून आला? तेच कागद २०१५ मध्ये फाशीला पुरले आणि २०२५ मध्ये टिकले नाहीत, हे कसं? हे प्रश्न आरोपीच्या मनाचे नाहीत. ते लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे आहेत. इथे मला ब्रँडन गॅरेट जास्त उपयोगी वाटतात. डीएनए तपासणीने निर्दोष ठरलेल्या, पण आधी कबुली दिलेल्या ४० अमेरिकन लोकांचे कागद त्यांनी वाचले. त्यातल्या ३८ जणांच्या नावावर नुसतं ‘मी केलं’ नव्हतं, गुन्ह्याचा बारीक तपशीलही होता. निरपराध माणसाला तो ठाऊक असणार कसा? बहुतेक वेळा ठाण्यातूनच.

आपल्याकडे याहून चमत्कारिक गोष्ट घडली. २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीनच्या प्रकरणात पकडलेल्या एका आरोपीने मोक्काखालच्याच कबुलीत हे स्फोट आपल्या गटाने केल्याचं सांगितलं, आणि पुढे ते नाकारलं. शहर एक, कायदा एक, स्फोट तेच, गोष्टी दोन. दोन्ही खऱ्या असू शकत नाहीत. दोन्ही खोट्या मात्र असू शकतात. म्हणून ‘दुसरी कबुली आली, म्हणजे पहिले निर्दोष’ असा शॉर्टकट तुमच्या प्रबंधात घेऊ नका. मी घेतला होता, एक अख्खं प्रकरण फाडावं लागलं.

आणखी एक जपा. राज्य सरकार अपिलात गेलं आहे. २४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देता येणार नाही असं सांगितलं, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. त्यामुळे लिहिताना ‘उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवलेले’ असं पूर्ण लिहा.

आता क्रियापदाकडे येऊ. वर्तमानपत्र लिहितं, ‘आरोपीने कबुली दिली’. ठाण्यात मात्र म्हणतात, ‘जबाब घेतला’. कबुलीजबाब या शब्दात दोन्ही एकत्र नांदतात, आणि आपण संशोधक अर्ध्यावरच थांबतो. माझ्या प्रस्तावाचं आजचं शीर्षक आहे, ‘मोक्काखालचे कबुलीजबाब कसे तयार होतात?’ सरांनी यावेळी ‘तयार होतात’खाली रेघ मारली आहे. कोण तयार करतं, ते लिही म्हणाले.