चौघांचा एक चेहरा

दिवाळी अंकाच्या वाचकाला मुखपृष्ठाचे महत्त्व पटवून देण्याची आवश्यकता नाही. दीनानाथ दलालांच्या कुंचल्यातून उतरलेली स्त्री दिसली, की अंकाचे नाव वाचण्यापूर्वीच रसिक ‘दीपावली’ ओळखीत. गाण्याच्या तबकडीचे वेष्टनही हेच काम करते, परंतु तेथील अडचण मोठी आहे. गाणे कानाचे, चित्र डोळ्यांचे. न दिसणाऱ्या सुराला चेहरा द्यावयाचा, आणि तो त्याच गायकाचा वाटला पाहिजे.

आरंभी असा विचार फारसा कोणी करीत नसे. तबकड्या साध्या कागदी पाकिटांत विकल्या जात. १९४० साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुणाने तबकड्यांच्या संचावर चित्र घातले. १९४८ मध्ये त्याच कंपनीने लाँग प्ले तबकडी आणली आणि पुढे बारा इंचांचा चौरस हे चित्रकाराचे हक्काचे अंगण झाले. या अंगणात एखाद्या गायकसमूहाची ओळख कशी घडते हे पाहावयाचे, तर लिव्हरपूलच्या बीटल्सइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण.

१९६३ मधील त्यांच्या पहिल्या लाँग प्ले तबकडीवर चौघे तरुण ईएमआय कंपनीच्या लंडनमधील कचेरीच्या जिन्यावरून खाली पाहून हसत आहेत. चित्र प्रसन्न आहे, पण त्या जिन्यावर दुसरे कोणी चार तरुण उभे केले असते तरी फारसे बिघडले नसते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ‘विथ द बीटल्स’ आली आणि सारे पालटले. रॉबर्ट फ्रीमनने चौघांना काळे पोशाख घालून काळ्या पार्श्वभूमीवर बसविले. उजेड एकाच बाजूने. प्रत्येकाचा अर्धा चेहरा अंधारात. कोणीही हसत नाही. हॅम्बुर्गमध्ये ॲस्ट्रिड किरशेर या मैत्रिणीने काढलेल्या छायाचित्रांतली ही तऱ्हा त्यांना आवडत होती. लोकप्रिय गायकांनी हसलेच पाहिजे, ही त्या धंद्यातली रूढी. कंपनीला हे गंभीर चेहरे रुचले नव्हते. पण त्या अंधारानेच खरे काम केले. चार वेगळी शरीरे त्यात विरून गेली आणि चौघांचा मिळून एक चेहरा तयार झाला.

अशी ओळख एकदा साधली की बहुतेक कलावंत तिलाच चिकटून बसतात. हे चौघे बसले नाहीत. १९६५ च्या ‘रबर सोल’वर त्यांचे चेहरे ओढल्यासारखे लांबट झाले आणि समूहाचे नाव दर्शनी बाजूवरून गेले. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’साठी क्लाउस फोरमान या हॅम्बुर्गच्याच मित्राने चौघांचे चेहरे काळ्या रेघांनी रेखाटले आणि त्यांच्या केसांच्या जंगलात छायाचित्रांचे तुकडे पेरले.

१९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ची कीर्ती सर्वांत मोठी. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या कलावंत दांपत्याने त्यावर थोरामोठ्यांची अक्षरशः जत्रा भरविली. त्या गर्दीत जॉर्ज हॅरिसनच्या आवडीचे परमहंस योगानंद आहेत, युक्तेश्वर गिरी आहेत. महात्मा गांधींची आकृतीही योजलेली होती. हिंदुस्थानातील ग्राहक दुखावतील या भीतीने कंपनीने ती काढावयास लावली. गायकाच्या चेहऱ्यावर त्याच्या व्यापाऱ्याचाही हात फिरत असतो, तो असा. मात्र या चित्रातील खरी सूचक जागा वेगळीच आहे. भडक रंगांचे पोशाख केलेल्या चौघांशेजारी मादाम तुसाँच्या संग्रहालयातून आणलेले त्यांचेच मेणाचे पुतळे उभे आहेत, जुन्या काळ्या सुटांत. आपले कालचे रूप मेणाचे झाले, हे इतक्या खेळकरपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

एवढे मान्य करूनही ‘सार्जंट पेपर’ला पहिला मान देणे मला जड जाते. ते चित्र आपल्याला माणसे शोधावयास लावते. गायकांकडे आपण नंतर वळतो. पुढच्याच वर्षी रिचर्ड हॅमिल्टनने याच्या नेमके उलट केले. सारे वेष्टन पांढरे, त्यावर उठावाचे नाव आणि प्रतीचा क्रमांक. आत मात्र चौघांची चार सुटी छायाचित्रे होती. बाहेर एकपण, आत चार वाटा.

आणि १९६९ चे ‘ॲबी रोड’! ८ ऑगस्टला इयन मॅकमिलन रस्त्यात शिडीवर चढला, पोलिसाने रहदारी थांबविली आणि सहा छायाचित्रे निघाली. त्यांतले एक निवडले गेले. दर्शनी बाजूवर समूहाचे नाव नाही, तबकडीचे नाव नाही. स्टुडिओजवळचा पट्ट्यांचा रस्ता ओलांडणारी चार माणसे तेवढी आहेत. लेनन पांढऱ्यात, रिंगो काळ्यात, हॅरिसन निळ्या जाड्याभरड्या कपड्यांत, मॅकार्टनी अनवाणी आणि त्याचे पाऊल इतरांहून वेगळे. १९६३ मध्ये अंधाराने चौघांना एक केले होते. येथे उजेडात, निरनिराळ्या कपड्यांतही ते एकच वाटतात. सहा वर्षांत कमावलेली सारी ओळख या एका चित्रात खर्ची पडली आहे. २०१० मध्ये इंग्लंडमध्ये त्या रस्त्याच्या पट्ट्यांना संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला, तोही मुख्यतः या चित्राच्या पुण्याईने.

१९७० मध्ये ‘लेट इट बी’ निघाली तेव्हा चौघांची फारकत जाहीर झालेली होती. वेष्टनावर पुन्हा काळा रंग आला, आणि त्यात चार चौकटी, प्रत्येकीत एकटा माणूस. ‘विथ द बीटल्स’ शेजारी ठेवून हे चित्र पाहावे. तोच काळा रंग तेथे जोडणारा होता, येथे तो कुंपण झाला आहे.

म्हणून वेष्टनाला निव्वळ जाहिरात म्हणणे मला पटत नाही. जाहिरात माणसाचा बरा दिसणारा क्षण धरून ठेवते. ही चित्रे माणसांबरोबर बदलली, आणि घर मोडले तेव्हा तेही त्यांनी लपविले नाही. आज गाणी फोनवर ऐकली जातात आणि बारा इंचांचे चित्र नखाएवढे होऊन समोर येते. तेवढ्याशा जागेत ‘सार्जंट पेपर’ची जत्रा रंगीत चुऱ्यासारखी दिसते. रस्ता ओलांडणारी ती चार माणसे मात्र तेथेही ओळखू येतात.