मेहमूद आणि आपली बोली

मेहमूद म्हटले की 'पडोसन'मधला (१९६८) मद्रासी संगीतमास्तर आठवतो. मला मात्र 'गुमनाम'मधला (१९६५) खानसामा अधिक महत्त्वाचा वाटतो. राजा नवाथे यांच्या या चित्रपटात मेहमूदची हैदराबादी दखनी देशभर गाजली. यश मोठेच, पण बोली आली ती नोकराच्या तोंडी.

सातारा-सांगलीकडच्या मुसलमान घरांतली बोली तिचीच बहीण. 'नक्को' म्हणजे मराठी 'नको'च. 'मैंइच'मधला 'च'सुद्धा मराठीचा. दख्खनमध्ये या भाषा शतकानुशतके शेजारी नांदल्या. तरीही उर्दू शाळेत मूल घरच्यासारखे 'कायकू' म्हणाले की वर्ग हसतो, आणि पुष्कळदा आम्ही शिक्षकही. हे हसू मेहमूदच्या आधीचे; त्याने त्याला तिकीट लावले, इतकेच.

दिग्दर्शक मेहमूद वेगळा. 'भूत बंगला' (१९६५) ही नुसती करमणूक. 'कुंवारा बाप'मध्ये (१९७४) मात्र एक रिक्षावाला टाकून दिलेले मूल वाढवतो; त्या मुलाला पोलिओ होतो. मुलाची भूमिका केली मेहमूदच्या स्वतःच्या मुलाने, मॅकी अलीने, आणि त्यालाही पोलिओ होता. रडारड जास्त झाली आहे, हे मान्य. पण इथला गरीब माणूस आपल्याला हसवतो आणि आपण त्याला हसत नाही. (नाव मात्र महेश! ते त्याने कित्येक भूमिकांत वापरले.)

खानसाम्याच्या वाट्याला असे दुःख आले नाही. दखनी बोलणारा माणूस बाप असतो, रडतो, हे त्या चित्रपटात कुठे दिसत नाही. दाखवण्याची ताकद त्या नटात होती, म्हणून तक्रार.