परवानगीच्या चिठ्ठीत काय नसते?

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या शाळेतून एक चिठ्ठी आली. सातवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना गावातल्या कारागिरांकडे नेण्यात येणार होते. चिठ्ठीत तारखा होत्या, डबा व टोपी आणण्याची सूचना होती, खाली सहीसाठी रेघ होती. मुले तेथे काय शिकणार, याबद्दल मात्र एक ओळही नव्हती.

पालकसभेत व्हायचे तेच झाले. एक पालक म्हणाले, "पंक्चर काढायला मुलाला शाळेत घातलेलं नाही." दुसरे स्वतः सुतार होते. "हे मी घरीच शिकवतो. पोरानं यातून बाहेर पडावं म्हणून तर शाळेत पाठवतो," असे ते म्हणाले. पहिल्या आक्षेपाला उत्तर म्हणून श्रमप्रतिष्ठेवर भाषण झाले. दुसऱ्याला कोणाकडेच उत्तर नव्हते.

कल्पना नवी नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची कल्पना मांडली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात 'कार्यानुभव' सुचवला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्यालाच 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस स्थानिक कारागिरांसोबत घालवण्याची तरतूद आहे. नावे बदलत गेली; अनेक शाळांतील कार्यानुभवाचा तास मात्र कागदी फुले आणि तोरणांपुढे सरकला नाही. पालकांचा अविश्वास अशा अनुभवातून आलेला आहे. त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

नव्या धोरणात हस्तकौशल्यांचा हा अभ्यासक्रम मजेशीर असावा असे म्हटले आहे. मजा जरूर असावी. पण तेवढ्याने सुतारकाका कसे पटणार? ज्यांच्या घराण्यावर जातीने काम लादले, त्यांना त्याच कामाची थोरवी सांगणे निरर्थक आहे. त्यांना हवी आहे ती दोन गोष्टींची खात्री : मूल घरच्याच धंद्याकडे ढकलले जाणार नाही, आणि त्या कामातून शाळेचा अभ्यास अधिक पक्का होईल.

पहिली खात्री देणे सोपे आहे. कोणतेही मूल घरच्या व्यवसायात पाठवू नये. मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम अशी वाटणीही करू नये. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने बंदी आहे. म्हणून मूल दुकानाचा भार हलका करायला जात नाही, हेही चिठ्ठीत स्पष्ट लिहावे.

दुसरी खात्री देण्यासाठी शिक्षकाने आधी स्वतः दुकानात जाऊन बसले पाहिजे. गवंडी पाया आखताना दोरीने ३, ४ आणि ५ फूट मोजून काटकोन साधतो. भूमितीच्या पुस्तकातला पायथागोरस तो हाच. पारदर्शक नळीत पाणी भरून तो दूरच्या दोन खांबांवर एकाच पातळीची खूण करतो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर खूण चुकते. का? असा एकेक प्रश्न चिठ्ठीत छापला, तर पालक संध्याकाळी तोच मुलाला विचारू शकतील.

दहा दिवस पुरेसे आहेत का, हाही प्रश्न आहेच. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून शाळांत गेलेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष काम करतात. त्यापुढे दहा दिवस म्हणजे केवळ तोंडओळख, आणि पालकांना तसेच सांगावे.

माझी मुलगी सायकलच्या दुकानात गेली होती. घरी येऊन तिने विचारले, "ट्यूबला सोल्यूशन लावल्यावर ते दादा लगेच ठिगळ का लावत नाहीत? वाळू का देतात?" द्रावक उडून जाऊ दिला नाही तर तो आत अडकतो आणि जोड कच्चा राहतो, हे आम्ही जुन्या ट्यूबचे दोन तुकडे चिकटवून पाहिले. माझी सही तिने प्रश्न विचारण्याआधीच झाली होती. सुतारकाकांनी मात्र सही केली नाही, आणि त्यांचा मुलगा ते दहा दिवस घरीच राहिला.