ट्यूरिंग कसोटी

ट्यूरिंग कसोटी : यंत्राच्या ठिकाणी मानवसदृश बुद्धी आहे किंवा नाही, हे त्याच्याशी होणाऱ्या लेखी संभाषणावरून ठरविण्याची पद्धती. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन मॅथिसन ट्यूरिंग (१९१२–५४) यांनी माइंड या नियतकालिकातील १९५० च्या निबंधात ती मांडली. ‘यंत्राला विचार करता येतो काय’ हा प्रश्न संदिग्ध असल्याने त्याऐवजी त्यांनी अनुकरणाचा खेळ सुचविला. यात परीक्षक वेगळ्या खोलीत बसून टंकलिखित प्रश्नोत्तरांद्वारे मनुष्य कोण व यंत्र कोणते, ते ओळखतो. सुमारे ५० वर्षांनी, पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर सामान्य परीक्षकाची ओळख अचूक ठरण्याची शक्यता ७० टक्क्यांहून अधिक राहणार नाही, असे भाकीतही त्यांनी केले.

या कसोटीचा मोठा गुण म्हणजे तीत रूप, आवाज व शरीर यांपासून बुद्धी अलग केली जाते. जाणिवेवाचून विचार नाही, या आक्षेपाला ट्यूरिंग यांनी दिलेले उत्तरही विचारार्ह आहे. इतर माणसांना मन असते, हेदेखील आपण त्यांच्या वर्तनावरूनच मानतो. मग यंत्राकडूनच अधिक पुरावा का मागावा?

तथापि ही कसोटी यंत्राच्या बुद्धीइतकीच परीक्षकाच्या विश्वासशीलतेचीही परीक्षा घेते. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये एलायझा हा कार्यक्रम प्रसिद्ध केला. वापरणाऱ्याच्या वाक्यातील ठराविक शब्द हेरून तेच प्रश्नरूपाने परत करणे, एवढेच त्याचे कार्य होते. तरीही लोक त्याला मनातील गोष्टी सांगू लागले; खुद्द वायझेनबाउम यांच्या चिटणीस बाईंनी संभाषण चालू असता त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. जोन्स व बर्गेन यांनी २०२५ मध्ये प्रसृत केलेले प्रयोग याहून बोलके आहेत. तरुण व्यक्तीचे सोंग घेण्याची सूचना दिली असता जीपीटी-४.५ या प्रणालीला परीक्षकांनी ७३ टक्के वेळा मनुष्य ठरविले; ती सूचना नसता हेच प्रमाण ३६ टक्के होते. प्रणाली तीच, पण निर्णय उलटला. एलायझाला २३ टक्के, तर कितीतरी समर्थ अशा जीपीटी-४ओ या प्रणालीला, सोंगाच्या सूचनेविना, २१ टक्केच कौल मिळाला. येथे मोजले गेले ते प्राधान्याने सोंगाचे कौशल्य होय.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये कसोटीच्या मुळावरच आघात केला. चिनी न जाणणारा मनुष्य बंद खोलीत नियमपुस्तिकेच्या आधारे चिनी चिन्हांना निर्दोष उत्तरे देऊ शकेल. पण त्याला अर्थ कळला असे म्हणता येणार नाही. यावर प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, आकलन त्या मनुष्याला नसले, तरी मनुष्य, पुस्तिका व खोली मिळून होणाऱ्या समग्र व्यवस्थेला असू शकते. सर्ल यांच्या मते आकलन हे मेंदूच्या कारणशक्तींतून उद्भवते. त्या शक्ती नेमक्या कोणत्या, हे मात्र या युक्तिवादातून निष्पन्न होत नाही. त्यामुळे यंत्राला आकलन अशक्यच आहे, असेही त्याने सिद्ध होत नाही.

सारांश, संभाषणातील यश हा कार्यक्षमतेचा पुरावा ठरू शकेल. आकलनाचा निर्णायक पुरावा ठरत नाही. हा भेद केवळ तात्त्विक नव्हे. यंत्र न्यायाधीशासारखे किंवा मनोवैद्यासारखे बोलू लागले, म्हणून ते काम त्याच्यावर सोपवावे काय? वायझेनबाउम यांनी १९७६ मधील ग्रंथात याचे उत्तर नकारार्थी दिले. यंत्राला काय करता येते व त्याच्याकडून काय करवून घ्यावे, हे प्रश्न त्यांनी वेगळे मानले. पहिल्याचे उत्तर प्रयोगाने मिळू शकते. दुसऱ्याच्या उत्तराची जबाबदारी माणसावरच राहते आणि कोणतीही कसोटी तिच्यातून त्याला मुक्त करू शकत नाही.