जुन्या वाड्याचे नूतनीकरण : ‘मूळ वैशिष्ट्यां’च्या जतनाची चिकित्सा

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील देशावरच्या गावांत आणि पुणे, नाशिक, सातारा, वाई यांसारख्या शहरांच्या जुन्या पेठांत वाडा हा दीर्घकाळ कुटुंबसंस्थेचा वास्तुरूप आविष्कार होता. स्वातंत्र्योत्तर काळात या वाड्यांची संख्या झपाट्याने घटली. जे उरले त्यांपैकी काहींना अलीकडे नवे आयुष्य लाभत आहे. नोकरी-व्यवसायानिमित्त दूर गेलेली पिढी वडिलोपार्जित वास्तू पाडण्याऐवजी ती राहण्याजोगी करू पाहते. कोठे तिचे अतिथिगृह होते, कोठे कलादालन, तर कोठे ती पुन्हा घर म्हणूनच नांदू लागते. अशा उपक्रमांचा गौरव बहुधा एकाच वाक्यात केला जातो : आधुनिक सोयी आल्या, परंतु मूळ वैशिष्ट्ये जपली गेली.

प्रस्तुत लेखात या वाक्यातील ‘मूळ’ या शब्दाची चिकित्सा करावयाची आहे. प्रचलित नूतनीकरणात ‘मूळ’ म्हणून जे जपले जाते ते प्रामुख्याने वाड्याचे अलंकरण असते. वाडा ज्यामुळे उभा राहतो आणि ज्यामुळे तो उन्हाळ्यातही राहण्याजोगा होतो, ती रचना मात्र दुर्लक्षिली जाते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. त्याचबरोबर वाड्यातील जुने ते सर्व जपण्यायोग्य नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे.

वाडा : रचनेचे तर्कशास्त्र

वाड्याचा विचार करताना डोळ्यांसमोर प्रथम येतात ते दिंडीदरवाजा, सुरूच्या आकाराचे खांब, त्यांवरील महिरपी आणि कोरीव गणेशपट्टी. परंतु हे सर्व घटक एका सुसंगत व्यवस्थेचे दृश्य टोक आहेत. दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर कडीपाट असा या रचनेचा क्रम आहे. खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा वा मातीचा असला, तरी भाराचा मोठा वाटा लाकडी सांगाडा वाहतो. तळखडा ही शोभेची बैठक नव्हे. जमिनीतील ओल लाकडापर्यंत पोहोचू नये, हे त्याचे काम आहे.

चौकाचेही तसेच आहे. देवडी ओलांडल्यावर लागणारा उघडा चौक, त्याभोवतीचा सोपा व पडवी, मागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि परस या मांडणीत प्रकाश व हवा यांचे नियोजन आहे. तापलेली हवा चौकातून वर निघून जाते आणि सावलीतील पडव्यांकडून गार हवा आत ओढली जाते. जाड भिंती दिवसाची उष्णता सावकाश शोषतात व ती उशिरा आत सोडतात. बाहेरून बंदिस्त दिसणारा वाडा आतल्या बाजूने श्वास घेतो तो चौकातून.

चुना आणि माती ही या व्यवस्थेची तिसरी बाजू. चुनखडी भाजून मिळालेला चुना विरवला जातो, घाणीत मळला जातो आणि भिंतीवर चढल्यानंतर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश पुन्हा चुनखडीच्या रूपात घट्ट होतो. हा गिलावा सच्छिद्र असतो. भिंतीत चढलेली ओल त्याच्यावाटे बाहेर पडते व सुकते. तात्पर्य, वाड्याची भिंत पाण्याला पूर्णतः अडवत नाही. ती पाण्याला बाहेर पडण्याचा मार्ग ठेवते.

दर्शनी जतनाची मर्यादा

ही व्यवस्था ध्यानात घेतली की प्रचलित नूतनीकरणातील विसंगती उघड होते. पहिली विसंगती सिमेंटची. जुन्या माती-चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिक रंग चढवला की भिंत काही वर्षे नवी दिसते. परंतु घट्ट गिलाव्यामुळे ओल आत कोंडते, क्षार साचतात, पोपडे सुटतात. आणि सर्वांत गंभीर बाब म्हणजे भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजू लागतात. कोरीव खांब तेलपाणी करून झळाळत असतो आणि त्याच्या आधारावरील तुळई दृष्टीआड खंगत असते. अशा नूतनीकरणाला जतन म्हणणे धाडसाचे ठरेल.

दुसरी विसंगती चौकाची. पाऊस व धूळ टाळण्यासाठी चौकावर काच किंवा पारदर्शक पत्रा घातला जातो. चौक ‘जपला’ असे सांगितले जाते, कारण त्याची फरशी, तुळशीवृंदावन आणि भोवतीचे खांब जागच्या जागी असतात. प्रत्यक्षात हवेचा वर जाण्याचा मार्ग बंद झालेला असतो. काचेखाली ऊन कोंडते, पडव्या तापतात आणि अखेर वातानुकूलन यंत्रे बसवावी लागतात. जी वास्तू शे-दीडशे वर्षे यंत्राविना थंड राहिली, ती ‘आधुनिक सोयीं’मुळे यंत्राधीन होते. छत हवेच असेल, तर ते उंचावर, चारी बाजूंनी हवा निघेल असे आणि पुढे काढता येईल असे घालता येते. मात्र त्यासाठी चौकाचे काम आधी समजलेले असावे लागते.

तिसरी विसंगती स्नानगृहांची. प्रत्येक शयनगृहाला जोडून न्हाणी व शौचकूप ही आजची रास्त अपेक्षा आहे. परंतु कडीपाटाच्या माडीवर नळ खेळवले की गळतीचे पहिले भक्ष्य लाकूड ठरते, आणि ओलसर लाकडाला वाळवी लागावयास वेळ लागत नाही. जुन्या घरांत न्हाणीघर व शौचकूप मागच्या बाजूस, परसाकडे असत. त्यामागे शुचितेच्या कल्पना होत्या, तसाच पाणी लाकडापासून दूर ठेवण्याचा व्यवहारही होता. तो व्यवहार ओळखून पाण्याशी संबंधित सर्व नवी बांधकामे मागील बाजूस, स्वतंत्र पायावर उभारणे आणि माडीशी फक्त जोडून घेणे, हा अधिक विवेकी मार्ग होय.

चौथी बाब सांगाड्याची. काही खांब काढून त्यांच्या जागी काँक्रीटचे स्तंभ आणि वर स्लॅब अशी अर्धीमुर्धी दुरुस्ती सर्रास आढळते. ५ इंच जाडीच्या स्लॅबचे वजन प्रति चौरस मीटर सुमारे ३०० किलो भरते. मातीचे जुने छतही हलके नसते, हे खरे. पण लाकडी सांगाडा सांध्यांतून किंचित हलू शकतो, तर काँक्रीट ताठ असते. दोन भिन्न स्वभावांच्या रचना एकाच भिंतीत बांधल्या की हादऱ्याच्या वेळी त्या एकमेकींना सावरत नाहीत.

या चारही उदाहरणांत दिसणारी वस्तू टिकते आणि तिचे कार्य संपते. याची परिणती अखेर अलंकार सुटे करण्यात होते. पाडलेल्या वाड्याचे दार एखाद्या उपाहारगृहाच्या भिंतीवर टांगले जाते, खांब दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभे राहतात. भार न वाहणारा खांब हा वाड्याचा अंश राहत नाही. ती केवळ एक स्मरणवस्तू असते.

कोणता काळ ‘मूळ’ मानावा?

‘मूळ’ ठरवण्यात काळाचाही प्रश्न गुंतलेला आहे. पुण्यातील विश्रामबागवाडा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या निवासी वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या आगीत त्याची मोठी हानी झाली आणि नंतर तो दुरुस्त करण्यात आला. पुढे तेथे नगरपालिकेचा कारभारही चालला. पेशव्यांचे निवासस्थान, विद्यार्थ्यांची पाठशाळा आणि नागरी कचेरी यांपैकी एकच रूप मूळ मानून उरलेली पुसून टाकली, तर वास्तू शुद्ध होत नाही. तिचा इतिहास उणा होतो.

१९६४ च्या व्हेनिस सनदेने याबाबत दिलेला विवेक आजही उपयुक्त आहे. जेथे पुराव्याची जागा तर्काला घ्यावी लागते तेथे पुनर्रचना थांबावी, आणि नव्याने घातलेला भाग एकूण रूपाशी सुसंवादी असूनही वेगळा ओळखू यावा, अशी तिची भूमिका आहे. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने अस्सलपणाचा निकष त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात पाहण्याचा आग्रह धरला, तर ‘इन्टॅक’ या संस्थेच्या २००४ च्या सनदेने भारतीय कारागिरांच्या जिवंत परंपरेला महत्त्व दिले. या भूमिकांत वरकरणी ताण दिसतो. सुतार जर परंपरेने शिकलेल्या पद्धतीनेच नवी तुळई घडवत असेल, तर ती जुन्यापेक्षा वेगळी का दिसावी? कौटुंबिक वाड्यापुरते याचे उत्तर व्यावहारिक असू शकते : घडण परंपरेची असावी, पण कोणता भाग केव्हा बदलला याची नोंद घराच्या कागदपत्रांत आणि शक्य तर त्या लाकडावरच असावी. खोटे जुनेपण आणणे, नव्या लाकडाला मुद्दाम काळवंडवणे, यात मात्र परंपराही नाही आणि प्रामाणिकपणाही नाही.

जे जपू नये

वाड्याविषयीच्या लेखनात स्मरणरंजनाचा सूर इतका प्रबळ असतो की त्या मांडणीतील विषमता नजरेआड होते. देवडी, सोपा, माजघर हा क्रम हवेचा होता, तसाच तो अधिकाराचाही होता. कोणी कोठपर्यंत यावे हे जातीवरून ठरे. बायकांचा दिवस माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या अपुऱ्या उजेडात जाई. विधवा स्त्रीच्या वाट्याला बहुधा घरातील सर्वांत अंधारी जागा येई. महेश एलकुंचवार यांच्या १९८५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकात विदर्भातील देशपांडे कुटुंबाचा वाडा ढासळत असताना शिकू न दिलेली प्रभा आणि घरातच राबणारा चंदू यांची कोंडी समोर येते. त्या वाड्याच्या पडझडीविषयी हळहळ वाटते, आणि तो तसाच उभा राहावा असेही वाटत नाही. नूतनीकरणाच्या चर्चेत हे द्वंद्व क्वचितच उमटते.

याउलट पुण्याच्या गंज पेठेतील महात्मा जोतीराव फुले यांच्या वाड्याचे उदाहरण घेता येईल. शिल्पसमृद्धीच्या कसोटीवर ही वास्तू साधी आहे. परंतु जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. येथे वास्तूचे मोल कोरीव कामात नसून घराच्या वापरात घडवलेल्या बदलात आहे. म्हणजेच जुन्या घराच्या मांडणीत न्याय्य बदल करणे हेही त्या घराच्या परंपरेचे एक अंग असू शकते. माजघराला खिडकी पाडणे, स्वयंपाकघर उजेडात आणणे, वृद्धांसाठी उंबरा उतरता करणे, हे बदल ‘मूळ’ बिघडवतात म्हणून टाळावेत असे नाही. ते सांगाड्याला धक्का न लावता करावेत, इतकेच.

सुरक्षिततेचा मुद्दा तर याहून निकडीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर-उस्मानाबाद (आताचा धाराशिव) भागात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर्षानुवर्षे थर चढत गेलेली माळवदे हे त्यामागील प्रमुख कारण होते. अशा घरात माळवद ‘मूळ’ आहे म्हणून तसेच ठेवणे अक्षम्य होय. तेथे मातीचे थर उतरवणे, भिंतींत आरपार दगड घालून त्यांचे दोन थर बांधून घेणे आणि लाकडी सांगाड्याचे सांधे पक्के करणे हेच जतन.

मालकी, अर्थकारण आणि कायदा

वाडा टिकणे हा केवळ अभिरुचीचा विषय नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाडेकरूंना संरक्षण मिळाले. परंतु दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेनासा झाला. वारसाहक्काने सहहिस्सेदार वाढत गेले. एका तुळईच्या दुरुस्तीसाठी अनेकांची संमती लागते, तर वाडा विकसकाकडे सोपवण्यात प्रत्येकाला स्वतंत्र सदनिका दिसते. बृहन्मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली आली आणि विकासहक्कांच्या हस्तांतरणाची तरतूदही झाली. तथापि अशा सूच्यांमध्ये वास्तूची श्रेणी जसजशी खाली येते तसतशी आतील बदलांची मुभा वाढत जाते. सामान्य कौटुंबिक वाडा सूचीत आला, तरी कायद्याची नजर मुख्यतः त्याच्या दर्शनी भागावर राहते. दर्शनी जतनाची प्रवृत्ती ही केवळ मालकाच्या हौसेतून नव्हे, तर नियमांच्या घडणीतूनही पोसली जाते, हे लक्षात घेतले पाहिजे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की जुन्या घराच्या नूतनीकरणाचे मूल्यमापन ‘काय शिल्लक राहिले’ एवढ्यावरून करणे अपुरे आहे. शिल्लक राहिलेला खांब भार वाहतो का, चौक हवा खेळवतो का, भिंत सुकते का, हे पाहावे लागेल. नवे काम ओळखू येते का आणि पुढील पिढीला ते वास्तूस इजा न होता काढता येईल का, हेही पाहावे लागेल. आणि अखेरीस, ज्यांना पूर्वी त्या घरात अंधारी जागा मिळाली त्यांना आता उजेडात जागा मिळाली का, हा प्रश्न विचारावा लागेल. स्थापत्य, इतिहास, साहित्य, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र या विद्याशाखांपैकी कोणतीही एक या प्रश्नांची उत्तरे एकटी देऊ शकत नाही. महाविद्यालयांनी आपापल्या गावातील उरलेल्या वाड्यांचे नकाशे, बांधकामपद्धती आणि त्यांत राहिलेल्या माणसांच्या आठवणी यांची एकत्रित नोंद हाती घेतली, तर पाडण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा निर्णय निदान माहितीच्या आधारे घेता येईल. चुन्याची घाणी चालवणारे आणि तुळईचा सांधा जाणणारे कारागीर अजून काही ठिकाणी आहेत. ही नोंद त्यांच्या हयातीतच व्हावयास हवी.