‘लेसन्स इन केमिस्ट्री’ : अन्यायाचे चित्रण आणि विज्ञानाचा अभाव

बॉनी गार्मस यांची ‘लेसन्स इन केमिस्ट्री’ (२०२२) ही पहिलीच कादंबरी. स्थळ कॅलिफोर्निया, काळ १९५० नंतरच्या दशकाचा. नायिका एलिझाबेथ झॉट हिचा अभ्यासविषय निर्जीव द्रव्यातून जीवोत्पत्ती कशी झाली हा आहे. मार्गदर्शक प्राध्यापकाच्या अत्याचाराचा प्रतिकार केल्यामुळे तिची डॉक्टरेट हुकते. पुढे अविवाहित गर्भवती म्हणून हेस्टिंग्ज संशोधनसंस्थेतील नोकरी जाते. आणि तेथील विभागप्रमुख डोनाटी तिचे संशोधन स्वतःच्या नावावर छापतो. अखेरीस दूरचित्रवाणीवर स्वयंपाक शिकविण्याचे काम तिच्या वाट्यास येते.

ज्या स्वयंपाकघरात समाज तिला परत पाठवू पाहतो, तेच मोडून ती प्रयोगशाळा उभारते, आणि प्रेक्षक गृहिणींपुढे मिठाचा उल्लेख सोडियम क्लोराइड असा करते. हा उपरोध लेखिकेने उत्तम साधला आहे. परंतु नायिकेचे संशोधन मात्र नाममात्रच राहते. फसलेले प्रयोग, गृहीतकाविषयीच्या शंका, प्रदीर्घ कंटाळा यांपैकी काहीच वाचकाच्या अनुभवास येत नाही. त्यामुळे तिच्यावर अन्याय झाला हे पटते. त्या अन्यायाने नेमके काय हिरावले गेले, ते जाणवत नाही. शेकडो शब्द जाणणारा कुत्रा आणि शेवटी अवतरणारी धनाढ्य आश्रयदात्री यांनी तर कथानकाचा भार फारच हलका होतो.

याहून गंभीर उणीव खलपात्रांची आहे. डोनाटी अप्रामाणिक आहे आणि बुद्धीनेही सामान्य आहे. त्याचा धिक्कार करणे वाचकास अवघड जात नाही. प्रत्यक्षातील अडसर पुष्कळदा थोर व्यक्तींच्या रूपाने उभा राहिला आहे. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांना १९३३ मध्ये बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेश नाकारणारे सी. व्ही. रामन नोबेल पारितोषिकाचे मानकरी होते. सोहोनींनी हट्ट धरल्यावर एक वर्षाच्या परीक्षाकाळाच्या अटीवर प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. ज्ञाननिष्ठा आणि पूर्वग्रह एकाच मनात सुखाने नांदू शकतात, या अस्वस्थ करणाऱ्या सत्याला गार्मस यांच्या कादंबरीत जवळजवळ स्थान नाही.

‘जवळजवळ’ म्हणण्याचे कारण मिस फ्रास्क. संस्थेच्या वतीने एलिझाबेथच्या बडतर्फीत सहभागी होणारी ही कर्मचारी स्वतःही तशाच अत्याचारामुळे पदवीला मुकलेली आहे, हे पुढे कळते. जिच्यावर अन्याय झाला तीच त्या व्यवस्थेची पहारेकरीण कशी होते, याचे बीज या एका व्यक्तिरेखेत आहे. लेखिकेने तिला चारच प्रसंग अधिक द्यावयास हवे होते.