मेंदूतील गाठीचे रुग्ण आणि डोनेपेझिल : संशोधनाची एक चिकित्सा

मेंदूतील गाठीवर किरणोपचार घेतलेल्या अनेक रुग्णांची गाठ आटोक्यात येते. मात्र काही महिन्यांनी वा वर्षांनी स्मरण, एकाग्रता आणि विचारांची गती मंदावू लागते. मेंदूच्या प्रतिमेत बरा दिसणारा रुग्ण हिशेब जुळवू शकत नाही, बोलताना नेमका शब्द त्याला सापडत नाही. या अवस्थेवर निश्चित औषध नसल्यामुळे संशोधकांचे लक्ष कोलिनेस्टरेझ-रोधक औषधांकडे वळले.

या गटातील डोनेपेझिल हे औषध अमेरिकेत १९९६ मध्ये अल्झायमर रोगासाठी मान्य झाले. ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक द्रव्याचे विघटन करणाऱ्या विकराला ते रोखते. परिणामी चेतापेशींमधील संदेशवहनासाठी हे द्रव्य अधिक काळ उपलब्ध राहते. अल्झायमर रोगात ॲसिटिलकोलीन निर्माण करणाऱ्या पेशींचा ऱ्हास होतो, म्हणून तेथे या उपचाराला स्पष्ट आधार आहे. किरणोपचारानंतरची हानी मात्र सूक्ष्म रक्तवाहिन्या, श्वेतद्रव्य व दाह अशा अनेक अंगांनी घडते. म्हणजे उपचाराचे तर्कशास्त्र येथे उसने घेतलेले आहे. उसने घेण्यात गैर काही नाही. मात्र ते नव्या ठिकाणी स्वतंत्रपणे सिद्ध व्हावे लागते.

अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ रुग्णांना प्रथम ६ आठवडे ५ मिलिग्रॅम व नंतर १८ आठवडे १० मिलिग्रॅम डोनेपेझिल दिले गेले. एकाग्रता, शाब्दिक स्मृती, मनःस्थिती आणि जीवनमान यांत सुधारणा नोंदली गेली. हा अभ्यास आशादायक म्हणून वारंवार उद्धृत झाला. परंतु त्यात तुलनेसाठी प्लासिबोचा, म्हणजे औषधविरहित गोळीचा गट नव्हता. त्याच त्या चाचण्या पुन्हा दिल्याने गुण वाढतात, हे कोणत्याही परीक्षकाला ठाऊक असते. शिवाय अखेरपर्यंत टिकले ते २४ रुग्ण. मध्येच सुटलेल्या ११ जणांची प्रकृती टिकलेल्यांसारखीच होती असे मानण्यास आधार नाही.

तुलनागटाची उणीव २०१५ च्या अभ्यासाने भरून काढली. १९८ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून डोनेपेझिल आणि प्लासिबो यांची २४ आठवडे तुलना झाली. अनेक चाचण्यांच्या गुणांची गोळाबेरीज हा मुख्य निकष होता. त्यावर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. काही सुट्या चाचण्यांत, विशेषतः ओळखस्मृती आणि हाताच्या हालचालींची चपळाई यांत, औषधगट सरस ठरला. ज्यांची बौद्धिक क्षमता आरंभीच अधिक खालावलेली होती, त्यांना अधिक लाभ झाल्याचेही दिसले.

येथेच मूल्यमापनाची खरी कसोटी लागते. सुट्या चाचण्यांतील यश हाती धरून औषधाचा पुरस्कार करणे सयुक्तिक नाही. पुष्कळ चाचण्या घेतल्या की एखाद-दुसरी निव्वळ योगायोगानेही अनुकूल ठरते. मात्र एकत्रित गुणांचा निकषही निर्दोष नव्हे. स्मृती सुधारली आणि नियोजनक्षमता जैसे थे राहिली, तर सरासरीत पहिली गोष्ट बुडून जाते. त्यात प्राथमिक गाठींचे रुग्ण ६६ टक्के, तर अन्य अवयवांतून मेंदूत पसरलेल्या कर्करोगाचे २७ टक्के होते. इतक्या भिन्न रोगगतींची एकच सरासरी काढल्यास तिचा अर्थ लावणे कठीण होते. अधिक बाधित रुग्णांबाबतचे निरीक्षण म्हणूनच मोलाचे ठरते. मात्र ते निष्कर्ष नसून पुढील अभ्यासाचे गृहीतक आहे. त्यासाठी आरंभीच क्षमता खालावलेले रुग्णच निवडावे लागतील.

गळतीचा प्रश्न केवळ डोनेपेझिलपुरता मर्यादित नाही. मेमँटिन या वेगळ्या प्रकारच्या औषधावरील २०१३ च्या अभ्यासात ५०८ पात्र रुग्ण होते; २४ आठवड्यांनंतर मुख्य निकषाच्या विश्लेषणासाठी उरले केवळ १४९. फरक औषधाच्या बाजूने झुकला, पण सांख्यिकीय सीमा त्याने थोडक्यात चुकवली. मळमळ, जुलाब व मंद नाडी हे डोनेपेझिलचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. ते पत्करावेत का, हे रुग्णासमोर मांडताना २००६ ची आशा आणि २०१५ चा निकाल दोन्ही सांगणे चिकित्सकास क्रमप्राप्त आहे.